नव्या पलटणीत पृथ्वी शॉ

उरल्याहून बोलतोय. उरला म्हणजे रायपूरला लागून असलेली औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, ट्रकांच्या रांगा आणि खिडकीत रोज पुसावी लागणारी काळी धूळ. उरल्यात राहतो म्हटलं की आमचे पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात, "काय उरलं, किती उरलं?" फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला हा प्रश्न जरा लागतो, पण सवय झाली.

या मालिकेत मला नेहमी सीमेवरच्या गोष्टी सांगायला बोलावतात. आज विषय वेगळा आहे, क्रिकेटचा. म्हणजे वरवर क्रिकेटचा. अंगात भरपूर गुण असलेला, पण आधीच्या घरातून तक्रारी घेऊन आलेला माणूस आपल्या संघात आला, तर त्याच्याकडून आशा किती धरायची आणि कशाची धरायची, हा माझा प्रश्न आहे. माणूस कोण ते तुम्ही ओळखलं असेल. पृथ्वी शॉ. 2025 च्या जुलैमध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात आला.

त्याला मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय, तेही इथंच. 9 फेब्रुवारी 2024. नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर मुंबई विरुद्ध छत्तीसगड, रणजी सामना. आमच्या मिलमधल्या एका फोरमनचे दोन मुलगे बरोबर होते, दोघंही यष्टिरक्षक व्हायचं म्हणणारे. एवढं प्रचंड स्टेडियम आणि बघणारे मोजके. गुडघ्याच्या दुखापतीतून परतल्यावरचा त्याचा हा दुसराच सामना. मंडळी, त्यानं उपाहाराच्या आत शतक ठोकलं. चार दिवसांच्या सामन्यात, पहिल्या सकाळी! 185 चेंडूंत 159 धावा. मागच्या पायावर उभं राहून कव्हरमधून तो चेंडू असा काढायचा, की क्षेत्ररक्षक नुसते वळून बघायचे. भूपेन लालवाणीनंही शतक केलं आणि सलामीला 244 धावांची भागी झाली. शेजारचा धाकटा मला म्हणाला, "काका, हा भारताकडून का खेळत नाही?" मी म्हटलं, "मॅच संपू दे, मग सांगतो."

ती मॅच पुढे कशी गेली तेही ऐका, कारण गंमत तिथंच आहे. एवढ्या सलामीनंतर मुंबई 351 वर आटोपली. आपल्या छत्तीसगडनं, म्हणजे अमनदीप खरे आणि संजीत देसाई या दोघांनी शतकं करून, 350 गाठले. एका धावेची आघाडी! एकाच्या तडाखेबंद सकाळीनं सामना खिशात पडत नाही, हे त्या पोरांना मी समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता त्या धाकट्याच्या प्रश्नाकडे येतो. पृथ्वी विरारचा. चार वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी कामधंदा बाजूला ठेवून पोराला मैदानांवर फिरवलं. विरार ते वांद्रे लोकलचा प्रवास, किट घेऊन. ज्यानं सकाळची विरार गाडी पाहिली आहे त्याला हे शौर्यपदकाच्या तोडीचं वाटेल. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये त्यानं रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेसाठी 546 धावा केल्या. वय 14. तारखा बघा : 16 नोव्हेंबरला वानखेडेवर सचिन तेंडुलकर निवृत्त झाला आणि 20 तारखेला या पोराचे 546 पुरे झाले. अख्खं शहर रिकाम्या गादीकडे बघत होतं आणि चार दिवसांत वारस सापडला. चौदा वर्षांच्या मुलावर एवढं ओझं कुणी मुद्दाम टाकलं नाही, पण पडलं खरं.

पुढचं भराभर सांगतो. 2018 साली त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत 134. पदार्पणात शतक करणारा सर्वांत लहान वयाचा भारतीय. 2019 मध्ये टर्ब्युटलीन नावाचं औषध तपासणीत सापडलं, खोकल्याच्या औषधात असतं ते. बोर्डानं हे अनवधानानं घडल्याचं मान्य केलं, पण आठ महिने बंदी आली. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला, जिथं भारत 36 धावांत गेला, तिथं तो 0 आणि 4, दोन्ही वेळा त्रिफळाचीत. त्यानंतर कसोटी नाही. एकूण पाच कसोट्या.

पण माणूस गप्प बसला का? 2021 च्या विजय हजारे करंडकात एका हंगामात 827 धावा. 2023 च्या जानेवारीत आसामविरुद्ध 379. रणजीच्या इतिहासात याहून मोठी खेळी एकच आहे, आणि ती महाराष्ट्राच्या माणसाची : भाऊसाहेब निंबाळकर, पुण्यात, 1948 साली, नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 चा विक्रम टप्प्यात असताना समोरच्या काठियावाड संघानं सामना सोडून दिला. आणि एवढं करून निंबाळकरांना कधीही अधिकृत कसोटी मिळाली नाही. 2023 च्याच ऑगस्टमध्ये पृथ्वीनं इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायरकडून एकदिवसीय सामन्यात 244 केल्या आणि लगेच गुडघा गेला.

मग घसरण. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईनं रणजी संघातून वगळलं. बातम्यांत कारण आलं ते तंदुरुस्तीचं आणि शिस्तीचं. नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात 75 लाख ही मूळ किंमत असूनही कुणी हात वर केला नाही. डिसेंबरमध्ये विजय हजारेच्या संघातूनही बाहेर. 2025 च्या जूनमध्ये एका मुलाखतीत त्यानं स्वतःच सांगितलं, की काही निर्णय चुकले, संगत चुकली, खेळाला वेळ कमी दिला. त्याच महिन्यात मुंबईकडून ना हरकत पत्र घेतलं आणि महाराष्ट्रात आला.

महाराष्ट्रासाठी त्याचा पहिला सामना कुणाविरुद्ध होता माहीत आहे? आमच्या छत्तीसगडविरुद्ध! ऑगस्टमध्ये चेन्नईला, बुची बाबू स्पर्धेत. आणि काढले 111. संघाच्या सगळ्यांच्या मिळून 217. इथल्या मराठी माणसाची त्या दिवशी काय पंचाईत झाली असेल बघा. मुलं छत्तीसगडच्या शाळांतून खेळतात, दारातली गाडी सी.जी. पासिंगची आणि छाती फुगते ती मुंबईहून आलेल्या, महाराष्ट्राच्या टोपीतल्या मुलासाठी.

ऑक्टोबरमध्ये गहुंज्याच्या मैदानावर सराव सामना झाला, जुन्या मुंबईविरुद्धच. 181 धावा केल्या. अर्शीन कुलकर्णीबरोबर तीनशेहून मोठी सलामी. आणि बाद होऊन परतताना मुंबईच्या एका खेळाडूशी जुंपली, पंचांना मध्ये पडावं लागलं. एकाच डावात दोन्ही गोष्टी. मोबाईलवर लोकांनी कोणता भाग जास्त पाहिला हे सांगायला नको.

मग रणजी. पहिला सामना तिरुवनंतपुरमला, केरळविरुद्ध : पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात 75. पुढचा चंडीगडला : पहिल्या डावात 8 आणि दुसऱ्यात 156 चेंडूंत 222. द्विशतक 141 चेंडूंत. त्या सामन्यात पहिल्या डावातल्या शतकासाठी सामनावीराचा मान ऋतुराज गायकवाडला मिळाला आणि ऋतुराजनं तो पृथ्वीबरोबर वाटून घेतला. 222 धावांपेक्षा मला ही गोष्ट महत्त्वाची वाटली. का, ते पुढे सांगतो.

आधी आपल्याबद्दल, म्हणजे बघणाऱ्यांबद्दल. महाराष्ट्राचा पाठीराखा ही फार तहानलेली जात आहे. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असे सलग दोनदा आपण रणजी करंडक जिंकलो. त्यानंतर एकदाही नाही. पंच्याऐंशी वर्षं होत आली! 2013-14 च्या हंगामात अंतिम फेरी गाठली, केदार जाधवनं बाराशेच्या वर धावा केल्या, आणि कर्नाटकानं हरवलं. आमच्या मिलमध्ये भंडारा-गोंदियाकडची मंडळी बरीच आहेत. ते विदर्भवाले. त्यांनी 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक उचललाय. कँटीनमध्ये आमचा एक इलेक्ट्रिशियन मला चहा देताना म्हणतो, "साहेब, तुमच्याकडे मैदानं मोठी, कप लहान." काय उत्तर देणार? चहाचा कप खरोखरच लहान असतो.

पण हाच इलेक्ट्रिशियन एक खरी गोष्ट बोलला. विदर्भानं बाहेरची माणसं आणली ती कशी? वसीम जाफर मुंबई सोडून तिकडे गेला तेव्हा त्याचं नाव होऊन गेलेलं होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर तो पोरांबरोबर खेळला आणि पहिल्या करंडकाचा विजयी चौकार त्याच्याच बॅटमधून गेला. करुण नायर कर्नाटकातून बाहेर पडून आला, 2024-25 च्या अंतिम सामन्यात 86 आणि 135 केल्या आणि पुन्हा भारताच्या कसोटी संघात गेला. "आम्ही त्यांच्याकडून चमत्कार नाही मागितला," तो म्हणाला, "काम मागितलं."

यावर त्याच टेबलावर मी एक प्रश्न टाकला. समजा उपांत्य सामना आहे. आदल्या दिवशी पृथ्वी सरावाला आला नाही, कारण पटण्यासारखं नाही. खेळवायचा की बसवायचा? दहा माणसं होतो. सात जण म्हणाले, खेळवा, नंतर काय तो दंड करा. दोघं म्हणाले, बसवा. एक म्हणाला, प्रशिक्षकाला पगार कशाला देतात? मी त्या दोघांतला.

का, ते सांगायला मला पलटणीत जावं लागेल. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी कंपनी कमांडर होतो. आमच्याकडे दुसऱ्या बटालियनमधून एक जवान आला. व्हॉलीबॉलपटू. उंच, आणि उडी अशी की नेटवरून खाली बघायचा. त्याच्याबरोबर त्याची कागदपत्रं आली आणि त्यात लाल शाईच्या दोन नोंदी : एक रजा संपल्यावर उशिरा हजर झाल्याची, एक दारू पिऊन मारामारीची. फौजेत लाल शाईला वजन असतं. अशा चार झाल्या की घरी जायची वेळ येऊ शकते.

ब्रिगेडच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत आम्ही चार वर्षं तोंडावर पडत होतो. त्यामुळे हा उतरला तेव्हा लंगरपासून क्वार्टर गार्डपर्यंत एकच चर्चा : यंदा ट्रॉफी आपली. त्याला दुधाचा ग्लास जास्त, त्याच्या ड्यूट्या दुसरे आनंदानं करायला तयार. आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी पहिल्या आठवड्यातच हे सगळं बंद केलं. त्याला गार्ड ड्यूटी सगळ्यांसारखी. शिवाय एक जादा काम : पहाटे पाचला नव्या पोरांना नेट लावून शिकवायचं, नेट आणि बॉलची जबाबदारी त्याच्या सहीवर. बॉल हरवला तर भरपाई त्याची. मी विचारलं, "साहेब, एवढं कशाला? तो खेळेल की." ते म्हणाले, "सर, खेळणं त्याला कुणी शिकवायची गरज नाही. वेळेवर उठणं त्याला आवडेल असं काहीतरी हवं."

सात महिने उत्तम गेले. स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीत पोचलो, बहुतेक त्याच्या जोरावर. मध्ये पंधरवडा होता, तो दहा दिवसांच्या रजेवर गेला आणि तीन दिवस उशिरा आला. तार नाही, निरोप नाही. अंतिम सामना दोन दिवसांवर. सीओ साहेबांसमोर पेशी झाली. त्यांनी 14 दिवसांची कैद दिली. बाहेर जवानांचे चेहरे मी पाहिलेत, मंडळी. नाराजी आमच्यावर होती, त्याच्यावर नव्हे. अंतिम सामना त्याच्याशिवाय खेळलो आणि सरळ तीन सेटमध्ये हरलो.

कैद संपल्यावर पहिल्या पहाटे पाचला सुभेदार मेजर साहेब मैदानावर गेले. नेट लागलेलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो असं सांगायला मला आवडलं असतं, पण पुढच्या वर्षी पलटण हलली आणि ती स्पर्धाच आमच्या वाट्याला आली नाही. तो नायक होऊन निवृत्त झाला. चौथी लाल नोंद कधी झाली नाही. दिवाळीला फोन येतो, शेतीचं बोलतो, सोयाबीनच्या भावाचं बोलतो. व्हॉलीबॉलचा विषय काढत नाही.

अमेरिकेतली आपली मराठी मुलं तिथला फुटबॉल बघतात. त्यात रिसीव्हर म्हणून एक जागा असते, लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा. माझ्या भाच्यानं न्यू इंग्लंड पेट्रियट्स या एकाच संघाच्या दोन गोष्टी सांगितल्या. 2007 साली त्यांनी रँडी मॉस नावाचा असाच गुणी आणि वादग्रस्त खेळाडू स्वस्तात घेतला. त्यानं त्या हंगामात 23 टचडाउन केले, विक्रमच. संघ साखळीत एकही सामना हरला नाही, फक्त शेवटचा सुपर बोल तेवढा हरला. 2019 साली त्याच संघानं, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, अँटोनिओ ब्राउनला घेतलं. मैदानाबाहेरच्या आरोपांचा गदारोळ झाला आणि एका सामन्यानंतर त्याला सोडून द्यावं लागलं. संघ तोच, शिस्त तीच. म्हणजे पलटण चांगली असली की माणूस सरळ होतोच, असं मी म्हणत नाही. पलटणीनं आपलं काम करायचं, बाकी त्या माणसावर.

आता परत पृथ्वीकडे. त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दिसते. 2018 चा विश्वचषक जिंकला तेव्हा तो कर्णधार होता. 2021 मध्ये त्या 827 धावा केल्या तेव्हाही श्रेयस अय्यर गेल्यावर मुंबईचं नेतृत्व त्याच्याकडं आलं होतं आणि करंडक मुंबईनं जिंकला. 2022 ची रणजी अंतिम फेरी मात्र त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबई मध्य प्रदेशकडून हरली, तेही सांगितलं पाहिजे. पण दुसऱ्यांची जबाबदारी अंगावर असताना हा माणूस वेळेवर उठतो, असं मला वाटतं. महाराष्ट्रानं 2025 च्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याला कर्णधार केलं, कारण ऋतुराज भारताकडून खेळायला गेला होता. 3 डिसेंबरला ऋतुराजनं इथं रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 105 धावा केल्या, एकदिवसीय सामन्यातलं त्याचं पहिलं शतक. इथं आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि तिकडे त्याच्या जागी पृथ्वी संघ सांभाळत होता. नेट आणि बॉल त्याच्या सहीवर, असं आमचे सुभेदार मेजर साहेब म्हणाले असते. ऋतुराजनं सामनावीराचा मान वाटून घेतला तेही मला म्हणूनच आवडलं. पाहुणा कलाकार आला आणि टाळ्या घेऊन गेला असं न होता, तो टेबलावर आपल्यासारखाच एक होऊन बसला.

16 डिसेंबरला आयपीएलचा लिलाव झाला. नाव पुकारलं, कुणी बोललं नाही. शेवटच्या टप्प्यात पुन्हा आलं तेव्हा दिल्लीनंच 75 लाखांना घेतलं. कधीकाळी याच दिल्लीनं त्याला साडेसात कोटींना राखलं होतं. काही मित्र म्हणाले, अपमान. मला तसं वाटत नाही. साडेसात कोटींच्या माणसाकडून लोक चमत्कार मागतात. 75 लाखांच्या माणसाला निदान सकाळी सरावाला जाता येतं, कॅमेरा मागे न लागता.

आपण पाठीराखे काय करतो? तो धावा करत असताना कुणी तंदुरुस्तीचं विचारलं तर आपणच अंगावर जातो, "धावा दिसत नाहीत का?" आणि दोन डाव हुकले की तेच आपण त्याचं पोट मोजायला बसतो. महाराष्ट्रानं उद्या एखाद्या मोठ्या सामन्याआधी त्याला शिस्तीसाठी बाहेर बसवलं, तर पंच्याऐंशी वर्षांची तहान असलेले आपण संघाच्या बाजूनं उभे राहणार आहोत का? आमच्या कँटीनमध्ये उत्तर सात विरुद्ध दोन असं आहे, तुमच्या घरी विचारून बघा.

रणजीचे पुढचे सामने येतीलच. मी त्याच्या धावा बघणारच, मलाही मोह आहे. पण त्या फोरमनच्या मुलांना मी दुसरं काम दिलंय. पहिल्या तासात ऑफ स्टंपबाहेरचे किती चेंडू तो सोडतो ते वहीत लिहायचं. आणि तिसऱ्या दिवशी चहापानानंतर, प्रतिस्पर्धी चार बाद साडेतीनशे असताना, तो क्षेत्ररक्षणाला कसा धावतो तेही लिहायचं. धाकट्यानं विचारलं, "काका, टीव्हीवर दाखवलं नाही तर?" तर मग, मी म्हटलं, पुण्याला एखादा ओळखीचा बघावा लागेल. तुमच्यापैकी कुणी गहुंज्याला जाणार असेल तर कळवा. जय हिंद.